मुलं धरणारी उलकान

तुयुक-बेलमध्ये तिशीच्या आतला असा एक माणूस दाखवा, ज्याची हाडं जुमादिलने पाहिली नाहीत. सापडायचा नाही. घोड्यावरून पडलेली पोरं, नाणं गिळलेली पोरं, छातीत घरघर लागलेली पोरं, सगळी त्याच्या खोलीतून गेली. तान्ही बाळं तर किती, त्याला गणतीच नाही. बेशिकमध्ये बाळाचे पाय सरळ करून घट्ट बांधले की कुणाकुणाचा खुबा त्या पाळण्यातच सटकतो. म्हणून चौथ्या महिन्यात खुब्यांचा एक्स-रे काढायचाच, असा इस्पितळाचा शिरस्ता. अठ्ठावीस वर्षं हे काम जुमादिलने केलं. इस्पितळाच्या दारातल्या मानाच्या फळ्यावर त्याचा फोटो अजून आहे. पांढरा कोट, पांढरी टोपी आणि छातीवर बिल्ला.

त्या बिल्ल्याचं आधी सांगून टाकतो. माणसाच्या अंगावर किरणं किती पडली ते त्या बिल्ल्यात उमटायचं. दर तीन महिन्यांनी तो बिल्ला राजधानीला, बिश्केकला, जायचा आणि तिकडून आकडा यायचा. जुमादिलचा आकडा कायम नावापुरता. का नसणार? तो बटण दाबायचा ते शिसं घातलेल्या भिंतीमागून, काचेतून बघत. तरी किरणांचं काम म्हणून त्याला सरकारकडून रोज अर्धा लिटर दूध होतं, जास्तीची रजा होती, आणि पन्नाशीतच पेन्शन. उलकानला यातलं काहीएक नव्हतं. तिच्या नोकरीच्या पुस्तकात लिहिलं होतं, सफाई कामगार.

उलकान जुमादिलपेक्षा तीन वर्षांनी लहान. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न वरच्या खोऱ्यात झालं. पाच वर्षं झाली, मूल नाही. मग एक दिवस सासरच्यांनी तिची पेटी आणि गाद्या ट्रकमध्ये टाकल्या आणि तिला भावाच्या दारात आणून सोडलं. भांडण नाही, तंटा नाही, चहासुद्धा पिऊन गेले म्हणे. भावाच्या घरात भावजयीचं राज्य. तिथे फुकट बसून खाणं नको म्हणून ती इस्पितळात फरशी पुसायला लागली. साल अठ्ठ्याऐंशी. कमी बोलायची, काम चोख करायची, आणि जुमादिलला बाइके म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

आता जुमादिल वाईट माणूस होता का? मुळीच नव्हता. तेवढंच तर दुखणं आहे. वाईट माणसाला मन खात नाही.

फ्रुंझेला, म्हणजे आताच्या बिश्केकलाच, त्याने हे काम शिकून घेतलं होतं. नियम त्याला तोंडपाठ होते. मूल हलत असेल तर घरच्या माणसाने धरायचं. शक्यतो म्हाताऱ्या माणसाने. आईने धरायचं असेल तर तिला आधी विचारायचं, पोटुशी तर नाहीस ना. धरणाऱ्याला शिशाचा एप्रन आणि शिशाचे हातमोजे द्यायचे. आणि इस्पितळातल्या एकाच माणसाला पुन्हा पुन्हा धरायला लावायचं नाही, कधीही नाही. हे सगळं रशियनमध्ये छापलेलं, काचेच्या चौकटीत घालून त्याने स्वतः खोलीत लावलं होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याने हा नियम पाळूनही पाहिला. एक सून आली, कडेवर बाळ, मागे सासू. जुमादिल तेव्हा पंचविशीचा, ताजाताजा शिकलेला. पुस्तकात होतं तसं त्याने खणखणीत आवाजात विचारलं की, बाई, पाळी कधी आली होती, दिवस तर गेले नाहीत ना? सून कानापर्यंत लाल झाली आणि जमिनीकडे बघायला लागली. सासूने बाळ हिसकावून घेतलं आणि ती थेट मोठ्या डॉक्टरकडे गेली. परक्या पुरुषाने माझ्या सुनेला काय विचारावं, याला काही रीतभात? दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं. बाजारात लोक त्याला "काय सुईणबाई, कुणाकडे निघालात?" म्हणून हाका मारायला लागले. त्याच्या आईने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. वर गंमत अशी की, त्या सुनेला खरंच दिवस गेले होते. पण सासूच्या देखत आमच्याकडची सून ते तोंडातून काढेल? पोट दिसायला लागलं तरी ती ओढणी पुढे ओढून उभी राहील.

पुढे एकदा त्याने एका सासूलाच सांगून बघितलं की, आजी, तुम्हीच हा एप्रन घाला आणि धरा नातवाला. म्हातारीने एप्रन उचलून बघितला आणि टाकून दिला. "आठ पोरं वाढवली मी, पाठीवर खोगीर घेतलं नाही कधी. तुझ्या आईला घाल हे." बाहेर बसलेली सगळी हसली. झालं. सुनेला विचारायची चोरी, सासूला सांगायची चोरी. जुमादिलच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

मग तो काय करायचा? कधी बाळाला पट्ट्याने बांधून बघायचा, कधी नुसताच आशेवर बटण दाबायचा. बाळ हललं की फिल्म वाया, पुन्हा दुसरी, म्हणजे त्याच बाळावर पुन्हा किरणं. डॉक्टर करवादायचा.

अशात एका सकाळी उलकान दारातून बादली घेऊन चालली होती. आत एक बाळ टाहो फोडत होतं. जुमादिलने सहज हाक मारली, "उलकान, जरा ये गं, हे पाय धर." तिने बादली ठेवली, हात पुसले आणि बाळाच्या गुडघ्यांवर ठेवले. काहीतरी पुटपुटली. आणि बाळ गप्प. नुसतं गप्प नाही, तिच्याकडे बघत हसायला लागलं. फिल्म अशी निघाली की दोन्ही खुबे आखून काढल्यासारखे. डॉक्टरने ती उजेडापुढे धरली आणि म्हणाला, हे असं रोज का जमत नाही तुला?

झालं, त्या दिवसापासून रोज जमायला लागलं.

पहिले काही महिने ती शिशाचे हातमोजे घालायची. पण ते मोजे म्हणजे पाटीचे दोन तुकडे जणू. त्यातून गुडघा हाताला लागायचा नाही, बाळ बिचकायचं, आणि मोजा मध्ये आला की फिल्मवर पांढरा डाग. एकदा तिने ते काढून बाजूला ठेवले आणि विचारलं, "बाइके, असं धरलं तर चालेल?" जुमादिल काचेमागे होता. त्याला माहीत होतं की चालणार नाही. त्याला हेही माहीत होतं की मोजे नसले की फिल्म साफ येते, आणि त्या दिवसांत फिल्मचा खोका संपला की पुढचा कधी येईल याचा नेम नव्हता. तो म्हणाला, "तुला सोपं पडत असेल तर धर." बटण दाबलं. ते मोजे मग खणात गेले आणि तपासणीवाले आले की तेवढे बाहेर यायचे.

बरं, नुसत्या फिल्माच असत्या तरी एक वेळ ठीक. जुन्या मशीनला पडदा होता. त्यावर डॉक्टर हलतं चित्र बघायचा. मोडलेलं हाड बसवताना, नाणं कुठवर गेलं ते शोधताना, पाच-पाच मिनिटं किरणं चालू. पोराला धरून उलकान, आणि पडद्यावर पोराच्या हाडांशेजारी तिच्या बोटांची हाडं. जुमादिलने ती किती वेळा पाहिली असतील. त्याला ती ओळखू यायची. उजव्या करंगळीचं मधलं हाड जरा वाकडं होतं.

एकदा बायकोने, बातिनाने, त्याला विचारलं होतं की त्या बाईला सारखी आत बोलावता, तिला काही होत नाही का? जुमादिल चहा फुंकत म्हणाला, "तिला कुठे मूल व्हायचंय? तिचं काय जायचंय?" भाकरी मोडता मोडता बातिनाने त्याच्याकडे एकदा बघितलं, इतकंच. पण ते बघणं त्याला बरेच दिवस टोचत राहिलं. मग त्याने मनाशी दुसरं कारण शोधलं. तो स्वतःला सांगायला लागला की बिचारीला तेवढंच मुलांना हात लावायचं सुख. मी तिचं भलंच करतोय की. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला फार लांब जावं लागत नाही.

आणि सुख तिला होतंच, ते खोटं नव्हतं. पोरं तिच्याकडे गप्प बसतात याचा तिला केवढा अभिमान. गावात कुणी नावं ठेवली, भावजय टोचून बोलली, की ती म्हणायची, जा, विचारा इस्पितळात, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. दर शनिवारी ती एक्स-रेची खोली धुवायची आणि नियमांच्या चौकटीची काच पुसायची. अक्षरं तिला लागायची, पण ते रशियन तिच्या डोक्यावरून जायचं. एकदा तिने जुमादिलला विचारलं, बाइके, एवढं काय लिहिलंय यात? तो म्हणाला, काही नाही गं, विजेबद्दल आहे.

हे वाक्य त्याने उच्चारलं, बरं का. स्वतःच्या तोंडाने.

एकदा थंडीत ती चहाला बसली असताना त्याचं लक्ष तिच्या नखांवर गेलं. उभ्या रेघा पडलेल्या, कडा तुटलेल्या. बोटांची कातडी कोरडी, चकचकीत, मध्ये मध्ये बारीक चामखिळी. फ्रुंझेला एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने त्यांना पहिल्या जमान्यातल्या एक्स-रेवाल्यांच्या, किरणांनी जळलेल्या हातांचे फोटो दाखवले होते. तेच हात त्याच्यासमोर चहाचा वाडगा धरून बसले होते. ती म्हणाली, क्लोरीनने झालंय, बादलीत सतत हात. तो म्हणाला, "हो, क्लोरीनच. रबरी मोजे घालत जा फरशी पुसताना."

आणि दुसऱ्या दिवशी बाळ आलं तेव्हा त्याने पुन्हा तिलाच हाक मारली. आणखी नऊ वर्षं मारली.

दोन हजार दहात नवीन मशीन आलं आणि ते शिकवायला बिश्केकहून एक मुलगी आली. असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. सून-सासू पहिलंच बाळ घेऊन आल्या, उलकान सवयीने आत आली, एप्रन चढवला आणि उघडे हात पुढे केले. त्या मुलीने विचारलं, या कोण? जुमादिल म्हणाला, आमची उलकान, मुलं धरते. त्या मुलीने उलकानला नमस्कार केला, हाताला धरून बाहेर बसवलं. सुनेला पडद्यामागे नेऊन काय विचारायचं ते दोन शब्दांत विचारून आली. मग सासूसमोर उभी राहून म्हणाली, "आपा, तुमच्यासारखं धरणं कुणाला जमणार? या ना." म्हाताऱ्या बाईने एप्रन असा ऐटीत घातला जसा काही सणाचा कपडा. बाहेर आल्यावर तासभर सगळ्यांना सांगत होती, माझ्याशिवाय झालंच नसतं.

एवढंच होतं ते. पडद्यामागचे दोन शब्द आणि एक गोड बोल. जुमादिल काचेमागे उभा राहून बघत होता. बावीस वर्षं त्याला हे सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने पेन्शन घेतली. लोकांनी मेंढी कापली, अंगावर चपान, मानाचा झगा, चढवला, भाषणं केली. उलकान मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिच्या उजव्या तर्जनीला फडकं बांधलेलं होतं.

ते फडकं सुटलंच नाही. जखम भरेना. वर्षभर इकडचं तिकडचं मलम लावून झालं आणि शेवटी भावाने तिला बिश्केकला नेलं. तिथल्या डॉक्टरने बोट बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, किरणांचं काम करत होतात का? तर्जनी काढावी लागणार होती, मधल्या बोटाचंही खात्रीने सांगता येत नव्हतं. हे कामातून झालेलं दुखणं आहे असं ठरलं तर उपचार सरकारचे आणि जन्मभर पेन्शन. नाहीतर भावजयीच्या दारात आठ बोटांची बाई. ठरवणार होती बिश्केकची समिती, आणि समितीने इस्पितळाला पत्र लिहून विचारलं होतं की ही सफाई कामगार एक्स-रेच्या कामात होती का?

मोठा डॉक्टर इशेनाली नवा माणूस, जुन्या भानगडींशी त्याचा संबंध नव्हता. त्याने जुमादिलला बोलावलं, चहा मागवला, दार लावून घेतलं. सगळं गोडीगुलाबीने. नोंद कुठेच नाही, तो म्हणाला. बिल्ला नाही, हुकूम नाही. तुम्ही हो म्हणालात तर आधी तुमची चौकशी होईल, मग माझ्या इस्पितळाची. लोक तुमचं नाव इतक्या आदराने घेतात, या वयात कशाला ते धुळीला मिळवता? तीन ओळींचा कागद तयारच होता. सदर कामगार फक्त साफसफाई करीत असे. जुमादिलने खाली सही केली. सरळ केली, फिल्मच्या वहीत करायचा तशीच.

घरी आल्यावर मात्र त्याला अन्न गोड लागेना. बातिनाने विचारलं, कशाला बोलावलं होतं? तो म्हणाला, जुने कागद होते. बातिनाने पुन्हा तसंच बघितलं.

आठ दिवसांनी ईद होती. दिवसभर माणसांची ये-जा, अंथरलेल्या दस्तरखानावर बोरसोकच्या तळलेल्या तुकड्यांचा ढीग. दुपारी उलकान आली. उजवा हात शालीत गुंडाळलेला. बातिना तिच्यासाठी चहा आणायला उठली तशी ती जुमादिलच्या जवळ सरकली आणि हळूच बोलायला लागली. "बाइके, तुम्ही काळजी करू नका. समितीच्या त्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं. मी सांगितलंय, मी त्या खोलीत फक्त फरशी पुसायची. आत कधी कुणाला धरलं नाही म्हणून."

जुमादिल म्हणाला, "असं का सांगितलंस?"

"मग काय तुमचं नाव घेऊ? तुम्ही मला चार माणसांत उभं केलंत. तुमच्यामुळे पोरं लागली माझ्या हाताला." तिने दाराकडे बघितलं. "तुम्हालाही विचारायला येतील म्हणे. तुम्हीही तेच सांगा. बोलणं जुळायला हवं ना आपलं."

बातिना वाडगा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. जुमादिलने मान वर केली तर समोर ती, आणि शेजारी ही, डाव्या हाताने बोरसोक उचलणारी. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण तिच्यात जावं. आपण कागदावर जे खोटं लिहिलं तेच खोटं ही आपल्यासाठी तोंडाने बोलून आली, आणि वर आपल्याला धीर देतेय. तो लहान मुलासारखा रडायला लागला. उलकान घाबरली. तिला वाटलं, याला काहीतरी दुखतंय.

सण संपला तसा तो तिला घेऊन बिश्केकला निघाला. का ते तिला सांगितलं नाही, मी पण बोलायला येतो एवढंच म्हणाला. घाट उतरेपर्यंत ती त्याला पढवत होती, फरशीच म्हणायचं हं, बाइके, विसरू नका.

समितीत तिघं होती. मधल्या बाई म्हाताऱ्या, केस पांढरे, आवाज मऊ. त्यांच्यासमोर जुमादिलचा तीन ओळींचा कागद होता. जुमादिल उभा राहिला आणि म्हणाला की तो कागद खोटा आहे. उलकानने त्याची बाही ओढली. तो थांबला नाही. आठवड्याला तीन-चार मुलं, कधी जास्त, बावीस वर्षं. मोज्यांशिवाय. पडद्यावर पाच-पाच मिनिटं. नखं त्याने बघितली होती, ओळखली होती, क्लोरीन म्हणाला होता. सगळं सांगितलं. भिंतीवरच्या नियमांचंही सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "नियम माहीत होता, तर मुलाच्या आईला का नाही उभं केलं?"

"ती पोटुशी असली तर? सासूसमोर विचारायचं कसं? लाज वाटायची."

"मग सासूला?"

"वडीलधारी बाई. तिला कसं सांगायचं? लाज वाटायची."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "आणि हिला सांगताना?"

जुमादिलने टेबलावरच्या त्या कागदाकडे बघितलं.

"हिची नाही वाटली," तो म्हणाला. "हिच्या मागे कुणी जाब विचारायला येणार नव्हतं. हिला मूल व्हायचं नव्हतं. मी म्हटलं, हिचं काय जायचंय. म्हणून हिला बोलवायचो."

उलकानने बाही सोडली.

कागद झाले, सह्या झाल्या. बाईंनी उलकानला जवळ बोलावून सांगितलं की आता तिचं काम होईल, तिने काळजी करू नये. उलकानने मान हलवली. दोघं बाहेर आली. व्हरांड्यात बाक होतं, त्यावर ती पिशवी शेजारी ठेवून बसली. जुमादिल उभाच होता. त्याला वाटत होतं, ती रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं," ती शेवटी म्हणाली, "पोरं माझ्याकडे गप्प बसतात म्हणून तुम्ही मला बोलावता."

"बसायचीच गं गप्प. तुझ्याकडे बसायची तशी कुणाकडे—"

"ते मला माहीत आहे. पण त्यासाठी नव्हतं."

आता, त्यासाठीच होतं गं, असं म्हणणं किती सोपं होतं. एक खोटं, आणि बाई सुखाने घरी गेली असती. बावीस वर्षं त्याने तिला अशीच सोपी उत्तरं दिली होती.

"नाही," तो म्हणाला. "त्यासाठी नव्हतं."

ती उठली. तिची पिशवी उचलायला त्याने हात पुढे केला तर तिने ती दुसऱ्या बाजूला घेतली. राहू द्या, म्हणाली. परतीच्या गाडीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, तो मागे. घाटात बर्फ होतं, गाडी दोनदा थांबली, सगळे उतरले, पुन्हा बसले.

महिन्याभरात तिचा कागद आला. दोन बोटं गेली, बाकीचा हात वाचला, पेन्शन सुरू झाली. तिने भावाच्या अंगणात वेगळी खोली बांधून घेतली आहे. जुमादिलची चौकशी झाली, ताकीद मिळाली, पेन्शन राहिली. इस्पितळाच्या फळ्यावरचा फोटो कुणी काढला नाही. तो स्वतः काढायला गेला होता, तर पहारेकऱ्याने हाकलून दिलं. रस्त्यात उलकान भेटली तर ती थांबते, कसे आहात विचारते. बाइके म्हणत नाही.

परवा बातिना तिच्याकडे बसायला गेली होती. ती बसली असतानाच शेजारची नवी सून तान्हं बाळ घेऊन आली. चुलीवर दूध उतू चाललं होतं तिचं, बाळ रडत होतं, म्हणाली, एजे, जरा धरता का हिला, मी आलेच. बातिनाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा जुमादिल खिडकीशी बसला होता, आणि पुढचं ऐकायच्या आधीच त्याने डोळे मिटून घेतले. उलकानने दोन्ही हात शालीखाली घेतले होते. बाळाकडे बघत तिने त्या सुनेला विचारलं होतं, "घरात दुसरं कुणी नाही का गं?"